गावठी गुलाबाचे खरे नाव

‘गुलाब’ हे मुळात फुलाचे नाव नव्हे. ते पाण्याचे नाव आहे. फारसी भाषेत ‘गुल’ म्हणजे फूल, विशेषेकरून हेच फूल, आणि ‘आब’ म्हणजे पाणी. इराणी माणसाच्या तोंडी ‘गुलाब’ म्हणजे फुलांचा अर्क उतरवलेले सुगंधी पाणी. ते कुप्यांतून हिंदुस्थानात आले, दरबारात आणि लग्नमंडपात शिंपडले जाऊ लागले आणि कालांतराने पाण्याचे नाव फुलाला चिकटले. मग पाण्याला नाव उरले नाही, म्हणून आपण ‘गुलाबपाणी’ असा शब्द घडवला. त्यात पाणी दोनदा आले आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘गुलाबदाणी’ हा शब्द तेवढा मूळ अर्थाशी एकनिष्ठ राहिला आहे. तिच्यात कोणी फुले ठेवीत नाही, पाणीच भरतात. गुलकंद, गुलछडी आणि गुलदस्ता या शब्दांतूनही जुना ‘गुल’ अजून शाबूत आहे.

ज्या फुलाच्या सर्वपरिचित नावातच असा सांधेबदल झाला, त्याच्या निरनिराळ्या जातींच्या नावांत किती गोंधळ असेल याची कल्पना करावी. भिवंडीच्या धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी फुलवाल्याकडे ‘गुलाब द्या’ असे म्हटले, तर पहिला प्रश्न येतो, ‘कसला?’ लांब देठाचा लाल गुलाब वेगळा. तो मावळ-तळेगावकडच्या हरितगृहांतून येतो. हाराचा गुलाब वेगळा, आणि दर्ग्यावरच्या चादरीसाठी सुट्या पाकळ्यांचा गुलाब वेगळा. याखेरीज आणखी एक गुलाब आहे. तो सहसा विकत मिळत नाही. जुन्या घराच्या परसात, विहिरीच्या काठाला किंवा कपडे धुण्याच्या दगडापाशी तो वर्षानुवर्षे उभा असतो. त्याला सगळे जण ‘गावठी गुलाब’ म्हणतात. आजीने माहेराहून काडी आणून लावला, एवढाच त्याचा इतिहास घरात ठाऊक असतो.

‘गावठी’ हे नाव नव्हे. आपल्याला नाव ठाऊक नाही, एवढेच तो शब्द सांगतो. भिवंडी तालुक्यात जुनी घरे, परसू आणि शेताचे बांध जाऊन त्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. वसईच्या पट्ट्यात वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. घर पाडताना देव्हाऱ्यातली तसबीर आणि पितळेची भांडी काढून घेतली जातात. परसातला गुलाब मात्र यंत्राच्या दात्याखाली जातो, कारण ते झाड काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या जुन्या गुलाबांची नावे आणि रंग यांचा गोंधळ कसा झाला, आणि त्यातून वाट कशी काढावी, याचा विचार आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

शब्दांची सरमिसळ

संस्कृतात ‘शतपत्र’ म्हणजे कमळ. शंभर पाकळ्यांचे फूल. आयुर्वेदाच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील ग्रंथात ‘शतपत्री’ आणि ‘तरुणी’ ही नावे येतात आणि ती गुलाबाची मानली जातात. म्हणजे एका वेलांटीने कमळाचा गुलाब होतो. गंमत अशी की युरोपातही भरगच्च पाकळ्यांच्या एका गुलाबाला ‘सेंटिफोलिया’, म्हणजे शंभर पाकळ्यांचा, असेच नाव आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच उपमा वापरली. तेवढ्यावरून दोन्ही फुले एकच होती असे मात्र म्हणता येत नाही.

हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब. मराठीत ‘शेवंती’ म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलणारे अगदी वेगळ्या कुळातले फूल. जुन्या कागदात नुसते ‘सेवती’ असे वाचले, की लिहिणारा कोणत्या मुलखाचा होता हे पाहिल्याखेरीज अर्थ लावता येत नाही.

‘चिनी गुलाब’ या शब्दाची तऱ्हा याहून मजेशीर आहे. मराठीत चिनी गुलाब म्हणजे कुंडीत पसरणारे, जाड बारीक पानांचे, ऊन चढले की उमलणारे ते नाजूक फूल. त्याचा गुलाबाशी काहीही संबंध नाही. आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत फुलाचे विच्छेदन शिकतात, तेव्हा पुस्तकात ‘चायना रोझ’ असे लिहिलेले असते आणि हातात असते जास्वंद! याला कारण लिनियस. त्याने १७५३ साली जास्वंदीला दिलेल्या शास्त्रीय नावातच ‘चीनचा गुलाब’ हे शब्द आहेत. आणि जो खरोखर चीनमधून आलेला गुलाब, त्याला आपण ‘गावठी’ म्हणतो. परक्याला घरचे नाव आणि भलत्यांना परक्याचे नाव, असा हा प्रकार झाला आहे.

आपल्या घराघरांतील नावांतही असे चकवे आहेत. रोझी आणि रोझलिन या नावांत लोकांना गुलाब दिसतो. पण ‘रोझमेरी’ ज्या वनस्पतीवरून आले, तिच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘समुद्राचे दव’ असा लावला जातो. गोव्याच्या व मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाआधी ‘रोस’ लावतात. तो नारळाचा रस, गुलाब नव्हे. कान फसतात आणि कानाने ऐकलेले कागदावर उतरते, हे ध्यानी ठेवावे.

पवित्र ग्रंथातले गुलाब

गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात वधू स्वतःला शारोनाच्या फुलाची उपमा देते. सतराव्या शतकातील इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे ‘गुलाब’ लिहिले आणि ‘शारोनचा गुलाब’ हा शब्दप्रयोग जगभर पसरला. मूळ हिब्रू शब्द गुलाबाचा नाही. तो कंदातून उगवणाऱ्या एखाद्या रानफुलाचा असावा, असे अभ्यासक मानतात; कोणी निशिगंधासारखे नरगिसाचे फूल सुचवतात, तर कोणी ट्यूलिप. संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना सावधपणे ‘शेतातले फूल’ एवढेच म्हटले. जे निश्चित ठाऊक नाही त्याला नाव देऊ नये, ही त्या जुन्या भाषांतरकाराची शिस्त गुलाबाच्या अभ्यासकाने गिरवण्यासारखी आहे.

सिराखच्या ग्रंथात यरीहोच्या गुलाबांचा उल्लेख आहे. तेथे पाण्याकाठी वाढणारी कण्हेर अभिप्रेत असावी, असे मत आहे. पवित्र भूमीची यात्रा करून येणारे लोक ‘यरीहोचा गुलाब’ म्हणून जी वाळलेली मूठ आणतात आणि पाण्यात ठेवल्यावर जी उलगडते, ती तर मोहरीच्या कुळातली एक वाळवंटी वनस्पती आहे.

मिशनरी जेथे गेले तेथे त्यांनी आपल्या गावची नावे सोबत नेली. १७६९ साली फादर हुनिपेरो सेरा आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोहोचले. वाटेत त्यांना रानटी गुलाबांच्या झुडुपांचे ताटवेच्या ताटवे दिसले. त्यांनी आनंदाने लिहिले, की येथे कास्तीलचे गुलाब आहेत. कास्तील म्हणजे त्यांच्या स्पेनमधला प्रांत. प्रत्यक्षात ती त्या भूमीतली स्वतंत्र रानजात होती, पाच पाकळ्यांची, साधी. ग्वादालुपेच्या मातेच्या कथेत १५३१ च्या डिसेंबरात हुआन दिएगोने टेकडीवरून आणलेली फुलेही परंपरेने कास्तीलचेच गुलाब म्हणून ओळखली जातात. श्रद्धेच्या कथेला फुलाची जात सांगण्याचे प्रयोजन नसते. नव्या भूमीत माणूस ओळखीचे शोधतो आणि सापडले की त्याला ओळखीचे नाव देतो, एवढे मात्र अशा नावांवरून कळते.

जहाजांनी दिलेली नावे

चीनमध्ये एक फिकट गुलाबी गुलाब शतकानुशतके लावला जात होता. त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘महिन्यामहिन्याचा गुलाबी’. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदा फुलत. हा वर्षभर फुले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी असे चार चिनी गुलाब इंग्लंडात पोहोचले. १७९२ च्या सुमारास एक किरमिजी, १७९३ मध्ये हा गुलाबी, १८०९ मध्ये चहासारख्या वासाचा फिकट आणि १८२४ मध्ये पिवळा. त्यांना अनुक्रमे स्लेटर, पार्सन्स, ह्यूम आणि पार्क्स या माणसांची नावे मिळाली. ज्या माळ्यांनी पिढ्यान् पिढ्या ते जोपासले, त्यांचे नाव कोठेच उरले नाही.

चीनहून निघालेली जहाजे कलकत्त्याला थांबत. तेथे १७८७ पासून कंपनीची वनस्पतिबाग होती. रोपे तेथे उतरत, सावरत आणि पुढे जात. त्यामुळे युरोपातल्या माणसाला वाटे की ती कलकत्त्याचीच. फ्रेंचांनी चिनी गुलाबाला ‘बंगालचा गुलाब’ म्हटले. लिनियसने १७५३ साली ‘रोझा इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानी गुलाब, असे नाव छापले होते. जॅक्विन या शास्त्रज्ञाने १७६८ साली ‘रोझा चायनेन्सिस’, म्हणजे चिनी गुलाब, हे नाव दिले. पिएर-जोझेफ रदूते या चित्रकाराचा ‘ले रोझ’ हा प्रसिद्ध चित्रसंग्रह १८१७ ते १८२४ या काळात प्रकाशित झाला. त्यातही ‘महिन्यामहिन्याचा गुलाबी’ हिंदुस्थानी नावानेच आला आहे. पुढे ‘रोझा इंडिका’ हे नाव संदिग्ध ठरून शास्त्रज्ञांनी बाजूला ठेवले. आपल्याकडच्या रोपवाटिकांत मात्र कलमाच्या खुंटाला आजही ‘इंडिका’ म्हणतात. शास्त्राने टाकलेले नाव बाजाराने सांभाळले.

याहून आपल्याला जवळचा वाटावा असा दाखला ‘एडवर्ड’ गुलाबाचा आहे. उत्तर हिंदुस्थानात हाराला आणि कलमाच्या खुंटाला तो फार वापरतात. नाव ऐकले की कोणालाही इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड आठवावा. परंतु या गुलाबाचा राजाशी संबंध नाही. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियों नावाचे फ्रेंच बेट आहे. त्याला पूर्वी बूर्बों म्हणत. तेथले शेतकरी कुंपणाला चिनी गुलाब आणि शरद ऋतूत पुन्हा फुलणारा दमास्क गुलाब असे दोन्ही लावत. त्या दोहोंच्या आपोआप झालेल्या संकरातून एक नवे झाड उगवले आणि तेथील एदुआर नावाच्या जमीनमालकावरून त्याला ‘एदुआरचा गुलाब’ म्हणू लागले. १८१७ मध्ये ब्रेओं हा वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर आला, तेव्हा हे झाड त्याच्या दृष्टीस पडले. त्याने पाठवलेले बी १८१९ च्या सुमारास पॅरिसला पोहोचले. हिंदुस्थानात येईपर्यंत फ्रेंच एदुआरचा इंग्रजी एडवर्ड झाला होता.

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. आपल्या जुन्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या उघडाव्यात. पोर्तुगीज पाद्रीने लिहिलेला ‘सेबास्तियांव’ घरात ‘बस्त्याव’ होतो, ‘दोमिंगोस’चा ‘दुमिंग’ होतो आणि इंग्रजी राजवटीत शाळेच्या दाखल्यावर तोच ‘डॉमिनिक’ म्हणून उतरतो. तिन्ही नावे एकाच माणसाची. उलट, एकाच आळीत एकाच नावाची चार माणसे असतात आणि त्यांना वडिलांच्या नावावाचून वेगळे करता येत नाही. जे माणसांचे तेच झाडांचे. एका गुलाबाला अनेक नावे असतात आणि एका नावाखाली अनेक गुलाब असतात.

हे जुन्या काळापुरतेच आहे असेही नाही. १९४५ साली अमेरिकेत ‘पीस’, म्हणजे शांती, या नावाने जाहीर झालेला पिवळसर गुलाब पाहावा. फ्रान्समध्ये तो त्याच्या निर्मात्याच्या आईच्या नावाने ‘मादाम मेयां’, इटलीत ‘जोया’ म्हणजे आनंद, आणि जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ म्हणजे देवाचा महिमा. युद्धाने देश तोडले होते; प्रत्येकाने आपापल्या परीने नाव ठेवले. अशा नव्या गुलाबांची कागदपत्रे तरी आहेत. ‘जुना गुलाब’ म्हणजे साधारणपणे १८६७ पूर्वीच्या गटांतला गुलाब, असा संकेत आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा आधुनिक ढंगाचा गुलाब आला. त्याआधीच्या गुलाबांची कागदपत्रे थोडी, आणि जी आहेत ती अशी गुंतलेली.

रंगाची साक्ष

नाव फसवते, मग रंगावरून ओळखावे, असे सहज मनात येते. पण रंग हा नावाहूनही कच्चा साक्षीदार आहे.

मराठीने मात्र एक मोलाची साक्ष जपली आहे. ‘गुलाबी’ हा रंग लाल नाही. आज गुलाब म्हटला की लाल डोळ्यांपुढे येतो. पण ज्या काळात रंगाला फुलावरून नाव पडले, त्या काळी लोकांच्या परिचयाचा गुलाब फिकट तांबूस होता, हे या एका शब्दावरून कळते. अत्तराचा दमास्क गुलाब त्याच रंगाचा आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहाँच्या आईला दिले आहे. ते अत्तर याच जातकुळीच्या फुलांचे.

पण ‘गुलाबी’ म्हणजे नेमका कोणता? आपल्या उपासनेत आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी गुलाबी झगा घालण्याची परवानगी आहे. चार चर्चमधले चार झगे शेजारी ठेवले, तर एक फिकट केशरी, एक जांभळट, एक पिठूळ आणि एक चक्क राणी रंगाचा निघेल. उपवासकाळाच्या त्याच रविवारी पोपमहोदय सोन्याच्या गुलाबाला आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. पायस बारावे यांनी १९५३ साली असा एक सुवर्णगुलाब गोव्याला दिला. भिवंडीसारख्या कापडाच्या गावात तर हे समजावून सांगायला नको. नुसते ‘गुलाबी’ म्हणून कोणी व्यापारी माल मागवीत नाही. तो शेडकार्ड पुढे करतो आणि क्रमांक सांगतो. फुलांसाठीही इंग्लंडच्या बागायती संस्थेने १९६६ साली असे रंगपत्रक काढले.

शिवाय झाडावरचा रंग स्थिर नसतो. थंडीत उमललेले फूल गडद, तर चैत्र-वैशाखातले फिकट. युरोपच्या जुन्या गुलाबांचा रंग उन्हात उतरतो. चिनी गुलाबांचा मात्र अनेकदा चढतो. सकाळी फिकट असलेली पाकळी दुसऱ्या दिवशी गडद दिसते. एकाच झाडाच्या दोन फुलांवरून दोन घरांत वाद व्हावा, इतका हा फरक असतो.

इंग्लंडातला एक प्रसिद्ध घोटाळा पाहावा. ‘रोझा मुंदी’ या गुलाबाच्या पाकळ्यांवर गडद आणि फिकट रंगांचे पट्टे असतात. ‘यॉर्क अँड लँकेस्टर’ या गुलाबाला पट्टे नसतात. त्याची एक पाकळी गुलाबी तर दुसरी पांढरी, कधी अर्धी अशी अर्धी तशी. पंधराव्या शतकात ज्या दोन राजघराण्यांत युद्धे झाली, त्यांच्या समेटाचे ते प्रतीक मानले गेले. दोन्ही ‘दुरंगी’ म्हणून लोक एकाचे नाव दुसऱ्याला देत आले. वास्तविक पहिला गॅलिका गटातला आणि दुसरा दमास्क गटातला. पान आणि काटे पाहिले तर घोटाळा होऊ नये. २००० साली जपानी संशोधकांनी जुन्या दमास्क गुलाबांच्या जनुकांची तपासणी केली. दुरंगी ‘यॉर्क अँड लँकेस्टर’ आणि अत्तराचा गुलाबी दमास्क यांत त्यांच्या कसोटीला काहीच फरक आढळला नाही. त्याच तपासणीत असेही दिसले की दमास्क गुलाबाचे तीन पूर्वज आहेत आणि त्यांतला एक मध्य आशियातला आहे. संत पॉलमुळे आपल्याला परिचित असलेल्या दमास्कस नगराचे नाव या गुलाबाला लाभले खरे. त्याचे मूळ त्याहून पूर्वेला शोधावे लागते.

आपल्याकडे रंगाच्या गोंधळाचे सर्वांत मोठे कारण मात्र अगदी साधे आहे. रोपवाटिकेतला गुलाब म्हणजे दोन झाडे असतात. खाली काटक खुंट आणि त्यावर डोळा भरून बसवलेली शोभेची जात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर वरचे कलम मरते आणि खुंटाला खालून फुटवा येतो. त्याला वेगळी, बहुधा लहान आणि फिकट फुले येतात. घरातली माणसे म्हणतात, ‘आमच्या लाल गुलाबाने रंग बदलला.’ रंग बदललेला नसतो. लाल गुलाब गेला आणि ज्याच्या खांद्यावर तो उभा होता, तो आता स्वतःच्या फुलांनी फुलतो आहे. परसातल्या कित्येक ‘गावठी’ गुलाबांचे मूळ असे असू शकते.

ओळख कशी पटवावी

नाव आणि रंग दोन्ही बाजूला ठेवून झाडाकडे पाहिले, तर आपल्या परसातल्या जुन्या गुलाबाबाबत चार शक्यता आधी तपासाव्यात.

खोड गुळगुळीत, काटे मोजके पण आकडीसारखे, एका पानात तीन ते पाच चकचकीत पर्णिका, वास मंद आणि फुलणे बारमाही असेल, तर झाड चिनी वळणाचे. खोडावर लहानमोठ्या काट्यांची आणि केसांची दाटी, पर्णिका पाच ते सात, राखाडी हिरव्या आणि खालून लवदार, फळ लांबट, वास दरवळणारा आणि मुख्य बहर थंडी सरताना असेल, तर दमास्क. फुलणे चिन्यासारखे वारंवार, पण सुवास दमास्काचा आणि फूल वाटीसारखे भरदार असेल, तर एडवर्डची शक्यता अधिक. आणि बारीक फुलांचे घोस येत असतील, तर पानाच्या देठाच्या बुडाशी चिकटलेली लहान उपपर्णे पाहावीत. ती कंगव्यासारखी झालरदार असतील, तर तो मल्टिफ्लोरा नावाचा खुंट होय.

कळीखालची पाच हिरवी निदलेही बोलकी असतात. मध्ययुगीन युरोपात पाच भावांचे एक लॅटिन कोडे प्रचलित होते. दोघांना दाढी, दोघांना नाही, आणि पाचव्याला अर्धीच. उत्तर होते गुलाबाची निदले. ज्या निदलांच्या कडा कळीत बाहेर राहतात त्यांना झालर येते, झाकलेल्या कडांना येत नाही. पाचव्याची एकच कड बाहेर असते. युरोपातल्या अनेक रानगुलाबांत आणि दमास्कात ही दाढी ठळक दिसते, चिनी गुलाबाची निदले बहुधा साधी असतात. कोडे घालणाऱ्या त्या अनामिकाने झाडाकडे किती लक्षपूर्वक पाहिले असेल!

असे पाहण्याची परंपरा आपल्या ख्रिस्तसभेत जुनी आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर एथेलबर्ट ब्लाटर (१८७७–१९३४) या स्विस जेझुइटांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. त्याच कॉलेजात शिकवणारे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) हे जन्माने स्पॅनिश, पण पुढे भारताचे नागरिक झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला; ते बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चीनमध्ये काम केलेल्या धर्मगुरूंची नावे तर गुलाबांनाच दिली गेली. फादर आर्मां दाविद, १९०५ साली तिबेटच्या सीमेवर प्राण गमावलेले फादर सुलिये, आणि ज्यांनी पाठवलेल्या बियांतून पिवळा रानगुलाब युरोपात उगवला ते फ्रान्सिस्कन फादर ह्युगो.

या वनस्पतिसंग्राहकांची एक पद्धत आपण उचलावी. झाडाची डहाळी कागदात दाबून वाळवली, की आकार टिकतो, पण फुलाचा रंग जातो. म्हणून फूल खुडतानाच ठिकाण, तारीख, झाडाची उंची, वास आणि रंग कागदावर लिहून ठेवायचा असतो. नंतर आठवून लिहिलेला रंग ग्राह्य धरीत नाहीत. नाव मागाहून आले तरी चालते. नोंद मात्र त्याच दिवशी हवी.

नाव सापडेपर्यंत

अनेक जुन्या गुलाबांचे मूळ नाव कधीच सापडणार नाही, हेही मान्य करावे लागते. मग काय करावे? अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावर १९५४ साली गुलाबप्रेमींनी एक संस्था काढली. जुन्या घरांच्या अंगणांत सापडलेले अनोळखी गुलाब त्यांनी गोळा केले आणि ‘अज्ञात’ म्हणून टाकून न देता, जेथे सापडले त्या जागेचे किंवा ज्यांच्या अंगणात सापडले त्यांचे नाव तात्पुरते दिले. त्यांतल्या एकाचे नाव ‘स्मिथ्स पॅरिश’ असे आहे. त्याला कधी पांढरी, कधी लाल, कधी पट्टेरी फुले येतात. रंगावरून नाव ठेवायला गेले असते, तर एकाच झाडाला तीन नावे पडली असती. जागेचे नाव दिल्यामुळे घोटाळा टळला. खरे नाव कळले, की तात्पुरते नाव मागे घ्यायचे. तोवर झाड हरवत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या साक्रामेंतो शहरात जुन्या दफनभूमीतच अशा गुलाबांची बाग केली आहे. दफनभूमीत सहसा कोणी नांगर घालीत नाही. एका पिढीने कबरीवर लावलेली काडी तेथे पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकते. आपल्या धर्मग्रामांच्या दफनभूमींतूनही या दृष्टीने एकदा फिरून पाहावे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपण सारे तेथे जमतोच.

यासाठी विद्वत्ता लागत नाही. एक साधी वही पुरे. घर किंवा आळी, काडी कोणी, कोणत्या गावाहून आणली, सुमारे कोणत्या साली, फुलण्याचे महिने, काटे, पान, निदले, फळ, वास, आणि रंग, पण शेजारी एखादा कापडाचा तुकडा किंवा शेडकार्डाचा क्रमांक लिहून. घरात त्याला जे काही म्हणतात तो शब्दही जसाच्या तसा लिहावा, सुधारू नये. चुकीच्या नावातही माहिती असते. ‘एडवर्ड’ या चुकीच्या उच्चारातच बूर्बों बेटापासूनचा प्रवास दडलेला होता. आणि घर पाडायचे ठरले, तर पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच काड्या कापून तीन वेगवेगळ्या घरी लावाव्यात. आपल्या आज्यांनी हेच केले. गुलाब टिकले ते अशा देवाणघेवाणीने.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो हे पाहतो. नाव देणे ही तेथे मालकी गाजवण्याची कृती आहे, असे काही जण म्हणतात. मला त्यात आधी पाहण्याची कृती दिसते. एकेक जीव समोर आला, आदामाने त्याला न्याहाळले आणि मगच शब्द उच्चारला. जपमाळेला युरोपीय भाषांत गुलाबबागेचे नाव आहे. तिचा एकेक मणी आपण न विसरता, न गाळता बोटांखालून पुढे सरकवतो. परसातल्या अनाम गुलाबाचीही तेवढ्याच सावकाशपणे दखल घ्यावी. येत्या थंडीत तो फुलेल, तेव्हा वही हाताशी असू द्यावी.